डाल्मेशियनचे ठिपके बघायला शिकवणारा ऑनलाइन कोर्स: घ्यावा का?

ज्यांना फक्त निकाल हवाय त्यांच्यासाठी आधीच सांगते, पाचात साडेतीन स्टार. पॅचवाला (म्हणजे अंगावरच्या मोठ्या, सलग डागांचा) भाग पाचात पाच, पिल्लांचा भाग पाचात दोन, आणि एक अख्खा विषय गायबच आहे ज्याच्यावर खाली माझी किरकिर येईलच. कोर्सचं नाव लिहीत नाहीये कारण मला कुणाशी भांडत बसायचं नाही. असला कुठलाही कोर्स घेताना काय बघायचं, काय विचारायचं एवढं कळलं तरी पुरे.

कोर्स म्हणजे रेकॉर्ड केलेले व्हिडिओ, भलीमोठी फोटो बँक, प्रत्येक भागानंतर क्विझ आणि शेवटी एक लाइव्ह सेशन. विषय एकच, डाल्मेशियन या पांढऱ्या, ठिपकेवाल्या कुत्र्यांच्या ब्रीडचा रंग आणि मार्किंग, म्हणजे अंगावरचे ठिपके आणि डाग. ज्यांना पुढेमागे जज व्हायचंय ते, ब्रीडर लोक, आणि आमच्यासारखे डॉग शोच्या रिंगच्या बाहेर उभं राहून "याला कसा काय पहिला दिला" म्हणत कुजबुजणारे, सगळ्यांना चालेल असा. अगदी नवखा असाल तर मात्र आधी कुत्र्याची बेसिक अ‍ॅनाटॉमी बघून या, विदर्स म्हणजे काय, टॉपलाइन म्हणजे काय हे इथे कोणी समजावत बसत नाही.

आता कोणी म्हणेल की रंगावर एवढा मोठा कोर्स कशाला, तर डाल्मेशियनमध्ये तो लागतोच. बऱ्याच ब्रीड्समध्ये रंग हा शेवटी बघायचा विषय असतो, काही ठिकाणी तर स्टँडर्डमध्ये (आदर्श कुत्रा कसा असावा हे सांगणाऱ्या नियमांत) "कुठलाही रंग चालेल" एवढ्यावर काम भागतं. पण एकेसीचं (अमेरिकन केनल क्लबचं) १९८९ चं डाल्मेशियन स्टँडर्ड काढून बघा, त्यात १०० पॉइंटचा तक्ता आहे आणि त्यात कलर अँड मार्किंग्जला एकट्याला २५ आहेत. चालीला १०, डोक्याला १०, पायांच्या पंजांना ५. म्हणजे ठिपके हा इथे सगळ्यात वजनदार मुद्दा आहे, आणि वर रंगावरून थेट बाद करण्याचे नियम आहेत ते वेगळेच.

आणि तरीही कोर्सची सुरुवात ठिपक्यांपासून नाही होत, हे मला फार आवडलं. पहिल्या भागात ते कुत्र्यांचे उभे फोटो दाखवतात ज्यातले ठिपके एडिट करून पुसलेले असतात, नुसता पांढरा कुत्रा, आणि तुम्ही चार कुत्र्यांना एक ते चार नंबर द्यायचे. मग तेच चार कुत्रे ठिपक्यांसकट येतात, क्रम बदललेला, आणि परत नंबर द्यायचे. माझे नंबर बदलले, आणि लाइव्ह सेशनमध्ये कळलं की जवळजवळ सगळ्यांचेच बदलतात. खांद्यावर नेमक्या ठिकाणी दोन मोठे ठिपके आले की खांदा सरळ वाटायला लागतो, पाठीच्या मधोमध काळं जास्त झालं की पाठ खाली दबल्यासारखी दिसते, आणि मागच्या पायाच्या आतल्या बाजूला एक ठिपका असला की चालताना हॉक (मागच्या पायाचा घोट्यासारखा सांधा) आत वळतोय असं वाटतं जेव्हा पाय अगदी व्यवस्थित पडत असतो. म्हणून शिकवणाऱ्या मॅडम सांगतात की कुत्रा दोन्ही बाजूंनी चालवून बघा, कारण डाव्या बाजूचे ठिपके आणि उजव्या बाजूचे ठिपके वेगळे असतात पण हाडं दोन्हीकडे तीच असतात. हा एक व्यायाम मी नंतर घरी इतरांनाही करायला लावला, सगळ्यांना मजा आली.

मग ठिपक्यांकडे येतात. एफसीआय या आंतरराष्ट्रीय श्वान संघटनेच्या स्टँडर्डमध्ये साईज २ ते ३ सेंटीमीटर, एकेसीत ती अमेरिकन नाण्यांवर सांगितलीये, डाइमपासून हाफ डॉलरपर्यंत, जे मोजलं तर साधारण १.८ ते ३ सेंटीमीटर येतं, म्हणजे दोघं बोलतायत जवळपास एकच. डोकं, पाय आणि शेपटीवर ठिपके अंगावरच्यापेक्षा लहान हवेत. आकार गोल, कड स्वच्छ, एकमेकांत कमीत कमी मिसळलेले. हे सगळं वाचून कोणालाही कळतं, त्याला कोर्स लागत नाही. कोर्सचा फायदा होतो तो कडा बघायला. एकाच कुत्र्याचे दोन ठिपके इतके जवळून दाखवलेत की एकेक केस मोजता येईल. पहिल्याची कड अशी की काळा केस संपला की लगेच पांढरा सुरू. दुसऱ्यात काळ्याच्या मध्येच पांढरे केस शिरलेत आणि कड टिपकागदावर शाईचा थेंब पसरल्यासारखी. याला फ्रॉस्टिंग म्हणतात आणि दहा फुटांवरून असा ठिपका नुसता राखाडी, मळकट दिसतो, म्हणजे दुरून बघणाऱ्याला वाटतं रंगच फिका आहे, तर रंग फिका नसतो, पांढऱ्याची भेसळ असते. हा फरक कळला की रिंगमध्ये बघायची नजरच बदलते.

केस उलटे फिरवून कातडी बघायलाही शिकवलंय. ठिपक्याखालची कातडीसुद्धा गडद असते. आणि उलटंही असतं, वरून केस पांढरे पण खाली कातडीवर ठिपका, जो कुत्रा कोरडा असताना दिसतच नाही आणि आंघोळ घातली की अचानक कुत्र्याला दुप्पट ठिपके असल्यासारखं वाटतं. डाल्मेशियन पाळणाऱ्या प्रत्येकाने हे पाहिलंय, पण जजने ओलसर कुत्र्यावरून मार्किंग ठरवू नये हे असं स्पष्ट कोणी सांगितलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं.

आता पॅच. ह्या एका भागासाठी मी हा कोर्स कोणालाही घ्यायला सांगेन.

पॅच असला की कुत्रा शो रिंगमधून बाद, एकेसीतही आणि एफसीआयमध्येही. आणि एकेसीच्या स्टँडर्डमध्येच असंही म्हटलंय की जवळजवळचे ठिपके कडेला एकमेकांना टेकले तर तो पॅच नव्हे. म्हणजे एकाच काळ्या कानावरून एक कुत्रा बाद होतो आणि दुसरा जिंकू शकतो, आणि ते ठरवायला जजकडे एक-दोन मिनिटं असतात. तर फरक कसा करायचा? पॅच जन्मतःच असतो. डाल्मेशियनची पिल्लं पांढरी जन्मतात, ठिपके साधारण दहा ते चौदा दिवसांनी उगवायला लागतात, त्यामुळे जन्मल्या जन्मल्या जे काळं किंवा लिव्हर (तपकिरी) दिसतं तो पॅचच. पण रिंगमध्ये दोन वर्षांचा कुत्रा उभा असतो, त्याचा जन्माच्या दिवशीचा फोटो काही जजच्या हातात नसतो. मग जे हातात आहे ते बघायचं. पॅचच्या आत पांढरा केस नसतो, एकसुद्धा. केस जास्त दाट, मखमली आणि चमकदार असतात. कड गुळगुळीत, एकाच ओघात गेलेली. आणि अंगावरच्या बाकी कुठल्याही ठिपक्यापेक्षा तो सरळ सरळ मोठा असतो. याउलट ठिपके जुळून काळा झालेला कान असेल तर कड दातेरी येते, कुठेतरी दोन गोलांच्या मधली खाच दिसते, आणि बोटाने केस बाजूला केले की आत पांढरे केस सापडतात.

फोटो बँकेत एकाच कुत्रीच्या कानाची सिरीज आहे, जन्मापासून ते मोठी होईपर्यंत. सुरुवातीला कान गुलाबी पांढरा, मग बारीक ठिपके, मग ते वाढत वाढत जुळले, आणि दीड वर्षाची होईपर्यंत कान जवळजवळ पूर्ण काळा. शेवटचा फोटो एकटा दाखवला असता तर मी डोळे झाकून पॅच म्हटलं असतं. त्याच्या शेजारी खऱ्या पॅचवाल्या कानाची सिरीज, जी पहिल्या दिवसापासून काळीच. दोन्हीचे शेवटचे फोटो शेजारी ठेवून मॅडम बोट कानाच्या बुंध्याशी नेतात, जिथे जुळलेल्या कानात अजून एक पांढरी रेघ शिल्लक आहे. हे पुस्तकात वाचून नाही कळत हो. मी ही क्लिप कितीदा मागे नेऊन बघितली.

रंगांचा भागही चांगला आहे, थोडा घाईत उरकलाय. काळे ठिपके आणि लिव्हर ठिपके, हे दोनच चालतात, एका कुत्र्यावर दोनातला एकच. लेमन (पिवळसर), ब्लू, ट्रायकलर बाद. यात गोंधळ होतो तो लिव्हर आणि लेमनमध्ये. लिव्हर कुत्रा उन्हात राहून केस झडायच्या वेळेला इतका फिकट, तांबूस होतो की लेमनच वाटावा. पहिला चेक नाकाचा. पिवळसर ठिपके आणि नाक काळंकुट्ट असेल तर तो लिव्हर नाहीच, कारण लिव्हरचं नाक तपकिरी असतं, काळं होऊच शकत नाही. पण नाक तपकिरी निघालं तर प्रश्न सुटत नाही, कारण दोन्ही जीन्स एकत्र आले तर तपकिरी नाकाचा लेमनही असतो. तिथे डीएनए टेस्ट करा नाहीतर केस नवीन येईपर्यंत थांबा. कोर्समध्ये नाकाचा मुद्दा आलाय, हे दुसरं अर्धं आलेलं नाही. ब्रीडिंग करणाऱ्यांना नेमकं तेच लागतं, कारण लेमनचा जीन रिसेसिव्ह आहे, दोन झकास काळे ठिपकेवाले आईबाप तो लपवून फिरत असतात आणि पिल्लांत अचानक एक पिवळं निघतं.

ट्रायकलरचा चेक मात्र छान दाखवलाय. डॉबरमॅन किंवा रॉटवायलरच्या अंगावर जिथे जिथे टॅन असतं, म्हणजे भुवया, गाल, छाती, पायांचा खालचा भाग, शेपटीखाली, तिथलेच ठिपके ट्रायकलर डाल्मेशियनमध्ये टॅन येतात आणि बाकीचे काळे राहतात. आता गंमत अशी की त्या जागी ठिपकेच कमी पडले तर अख्ख्या कुत्र्यावर गालावरचा एकच टॅन ठिपका हा एवढाच पुरावा उरतो. म्हणून गाल, भुवया न चुकता बघा, शेपटी उचलून बघा. काळ्या ठिपक्यांवर येणारी ब्राँझची झाक वेगळी, ती जुन्या केसांची असते, दोष धरला जातो पण ट्रायकलर नव्हे. हे दोन फोटो शेजारी ठेवलेत ते उत्तम.

आता किरकिर.

एक. फोटो. ज्या कोर्सचा विषयच रंग आहे त्यांनी फोटोंचा व्हाइट बॅलन्स (रंग खरे दिसायची कॅमेऱ्याची सेटिंग) सांभाळू नये म्हणजे कमाल झाली. निम्म्या फोटोंत पांढरा इतका जळालाय की टिकिंग (अगदी बारीक ठिपके) आणि फ्रॉस्टिंग दिसतच नाही, काहींत काळे ठिपके निळसर, आणि एक लिव्हर कुत्रा दोन वेगळ्या भागांत आलाय तर मला तो दुसऱ्या वेळी पट्ट्यावरून ओळखू आला, रंगावरून नाही. शोमध्ये कुत्र्याचा रंग कृत्रिमपणे बदलणं नियमात बसत नाही, मग शिकवायच्या फोटोत ती सूट का? निदान प्रत्येक फोटोत कोपऱ्यात रंग जुळवायचं एक ग्रे कार्ड तरी ठेवा.

दोन. क्विझमध्ये कुठलं स्टँडर्ड धरलंय ते लिहिलेलं नाही. निळ्या डोळ्यांच्या कुत्र्याचा प्रश्न होता, मी "चालेल" निवडलं, उत्तर चुकीचं दाखवलं. आता एकेसीत ब्राउन, ब्लू किंवा दोन्हीचं कॉम्बिनेशन चालतं, जितके गडद तितके चांगले एवढंच म्हटलंय, आणि एफसीआयमध्ये निळा डोळा बाद. दोन्ही उत्तरं आपापल्या जागी बरोबर. मेल केला तर "धन्यवाद, नोंद घेतली" आलं आणि प्रश्न अजून तसाच आहे.

तीन, आणि ही खरी. बहिरेपणाबद्दल एक अक्षर नाही. मार्किंगवर एवढं तपशिलात बोलताय आणि ज्या कारणाने कुत्रा पांढरा होतो त्याच कारणाने कान जातात हे सांगत नाही? रंग देणाऱ्या पेशी जशा कातडीत लागतात तशाच आतल्या कानातही लागतात, तिथे त्या पोचल्या नाहीत की पिल्लू तीन-चार आठवड्यांचं होईतो ऐकण्याची यंत्रणा खराब होते. अमेरिकेत तपासलेल्या हजारो डाल्मेशियनमध्ये साधारण २२ टक्के एका कानाने बहिरे आणि ८ टक्के दोन्ही कानांनी बहिरे निघालेत. आणि त्याच अभ्यासांत दिसलंय की पॅच असलेल्या कुत्र्यांत बहिरेपण कमी आणि निळ्या डोळ्यांच्यात जास्त. म्हणजे बघा ना, ज्या पॅचवरून आपण कुत्रा रिंगबाहेर काढतो तो पॅच असलेला कुत्रा ऐकू येण्याच्या बाबतीत उलट जास्त सुरक्षित. याचा अर्थ जजने पॅच सोडून द्यावा असं मी म्हणत नाहीये, रिंगमध्ये जजने स्टँडर्डच चालवायचं असतं, स्वतःचं मत नाही. पण जो माणूस पुढे जज होणार, क्लबमध्ये बसणार, कधीतरी स्टँडर्डच्या चर्चेत हात वर करणार, त्याला हे माहीत नको? आणि ब्रीडरला तर हवंच हवं, कारण पिल्लू पाच-सहा आठवड्यांचं झालं की बीएईआर टेस्ट (आवाजाला मेंदू प्रतिसाद देतो का हे मोजणारी) करून कळतं, आणि एका कानाने बहिरं पिल्लू घरात बघून तुम्हाला कधीच ओळखू येणार नाही, ते हाकेला धावत येतं. लाइव्ह सेशनमध्ये विचारलं तर "तो हेल्थचा विषय आहे, त्याचा आमचा वेगळा कोर्स आहे" असं उत्तर मिळालं. मी तिथे गप्प बसले पण पटलं अजिबात नाही.

यालाच जोडून आणखी एक गोष्ट, जी कोर्समध्ये यायला हवी होती. डाल्मेशियनच्या लघवीत युरिक अ‍ॅसिड जास्त असतं, त्याने खडे होतात, आणि शुद्ध डाल्मेशियनमध्ये त्याचा चांगला जीन शिल्लकच नव्हता. म्हणून १९७३ मध्ये जेनेटिक्सचे अभ्यासक रॉबर्ट शायबल यांनी एकदाच पॉइंटर ब्रीडच्या कुत्र्याशी क्रॉस करून पुढे सगळ्या पिढ्या परत डाल्मेशियनशी केल्या. विरोध इतका झाला की एकेसीने त्या लाइनची नोंदणी पक्की करेपर्यंत २०११ उजाडलं. त्या वादात ठिपकेही होते, कारण सुरुवातीच्या पिढ्यांत ठिपके लहान आणि कमी स्पष्ट यायचे. ठिपक्यांना किती वजन द्यायचं या प्रश्नाचं यापेक्षा चांगलं उदाहरण कुठे सापडणार, आणि यांच्या "मार्किंगचं महत्त्व" नावाच्या भागात याचा उल्लेखसुद्धा नाही.

चार, पिल्लांचा भाग. फारच छोटा. आठ आठवड्यांचं पिल्लू बघून त्याचं मार्किंग मोठेपणी कसं येईल हा ब्रीडरचा रोजचा प्रश्न, आणि त्यावर दोन स्लाइड. ठिपके पुढे बरेच महिने वाढत राहतात, बारीक ठिपके मोठेपणीही येतात. त्यामुळे आठव्या आठवड्यात जे पिल्लू अगदी फोटोत ठेवावं असं भरगच्च दिसतं ते पुढे गर्द होऊन जातं, आणि जे थोडं मोकळं मोकळं वाटतं त्याचे ठिपके मोठं झाल्यावर वेगवेगळे, सुटे दिसायची शक्यता जास्त. आमची जाई त्या मोकळ्यातली, घेताना लोक म्हणाले की हिच्यावर ठिपके विसरलेच की काय, आणि आता तिच्या कुशीवर एकही ठिपका दुसऱ्याला टेकलेला नाही, कानांचं मात्र विचारू नका. असं एकाच पिल्लाचं महिन्यामहिन्याचं रेकॉर्ड फोटो बँकेत हवं होतं. कानाची सिरीज जमवू शकतात तर अख्ख्या अंगाची का नाही.

शिकवणाऱ्या मॅडम मात्र एक नंबर. बोलणं शांत, उगाच ज्ञान पाजळणं नाही, आणि एखादा फोटो खरोखर वादाचा असेल तर "इथे दोन जज दोन निर्णय देतील" असं सरळ सांगतात. ही प्रामाणिक सवय मला फार आवडली. एका फोटोवर त्या स्वतः बराच वेळ विचार करतात, झूम करतात, आणि शेवटी म्हणतात की हा कुत्रा समोर असता तर मी कानाला हात लावून बघितला असता, फोटोवरून नाही सांगणार. कोर्सवाल्यांनी हा तुकडा कापला नाही याचं कौतुक.

ज्यांच्या घरी किंवा ओळखीत डाल्मेशियन आहे त्यांनी घ्यायला हरकत नाही, कारण प्रत्येक भाग बघून लगेच उठून कुत्र्याच्या केसांत बोट घालून बघता येतं, आणि तसं केलं नाही तर निम्मं डोक्यावरून जातं. ज्यांना नुसतं कुतूहल आहे त्यांनी आधी दोन्ही स्टँडर्ड्स फुकटात वाचा, ती ऑनलाइन आहेत, दहा मिनिटांचं काम आहे, आणि मग पॅचचा भाग सुटा विकत मिळत असेल तर तेवढाच घ्या.

बाकी बारीकसारीक: व्हिडिओ डाउनलोड होत नाहीत, नेट गेलं की बसा. सबटायटल फक्त इंग्रजीत, आणि ते ऑटोमॅटिक असल्याने "लिव्हर"चं प्रत्येक वेळी काहीतरी भलतंच होतं. सर्टिफिकेट मिळतं पण त्याने कुठल्याही केनल क्लबच्या जजिंग परीक्षेत सूट वगैरे मिळत नाही, हे त्यांनी स्वतःच लिहिलंय त्यामुळे तक्रार नाही. मोबाईलवर बघणार असाल तर नाइट मोड आणि तो डोळ्यांना आराम देणारा पिवळा फिल्टर आधी बंद करा, नाहीतर लिव्हर-लेमनच्या क्विझमध्ये सगळेच कुत्रे लेमन दिसतील आणि तुम्ही बिचाऱ्या मॅडमना मेल करत बसाल.